भोंगा थांबलेल्या गावात चार दिवस

पहिला दिवस

आमचे अण्णा एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांच्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं, कुठल्याशा जुन्या कॅलेंडरातून कापलेलं. पुढून बघावं तर रेल्वेचं इंजिन, मागून बघावं तर लॉरी. धुराडं, आडवा बॉयलर, बाजूला मोठं फ्लायव्हील आणि मागच्या लाकडी हौद्यात पोती. खाली इंग्रजीत एकच शब्द, 'फोडन'. लहानपणी मी विचारलं होतं, "अण्णा, ही कुठल्या डेपोची?" ते म्हणाले, "ही विलायतेची. कोळशावर चालायची." पुढे चौतीस वर्षं मी स्वतः पिंपरी-चिंचवडला एका कारखान्यात ट्रकचे धुरे बनवले. तो कारखाना बंद पडला, अण्णा गेले, पेटी माझ्याकडे आली. चित्र अजून जागेवर आहे.

लेक मँचेस्टरला असते. गेल्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो तेव्हा मी तिला सांगून टाकलं, लंडन राहिलं तरी चालेल, मला सँडबॅचला जायचंय.

"तिथे काय आहे, बाबा?"

"फोडनचा कारखाना होता."

"होता?"

"होता."

तिनं तीन रात्रींची खोली बघून दिली. सकाळी पिकॅडिली स्टेशनवरून क्रूकडे जाणारी, सगळीकडे थांबणारी गाडी पकडली. स्टॉकपोर्ट सोडलं की शहर मागे पडतं आणि चेशर परगण्याची सपाट, ओली, हिरवी कुरणं सुरू होतात. गूस्ट्रीच्या आसपास खिडकीतून जोड्रेल बँकेची प्रचंड दुर्बीण दिसली. ७६ मीटर व्यासाची ती थाळी १९५७ पासून आभाळाकडे कान लावून आहे. हिला ती फार आवडली.

सँडबॅच स्टेशन खरं तर सँडबॅचमध्ये नाहीच, ते एलवर्थ नावाच्या शेजारच्या वस्तीत आहे. कारखानाही एलवर्थलाच होता. मला तिथेच रेंगाळावंसं वाटत होतं, पण पाऊस भुरभुरत होता आणि ही म्हणाली, "अहो, आधी सामान टाकू, मग काय ते बघा." तेव्हा मैलभर चालत गावात आलो.

गावचा चौक दगडगोट्यांच्या फरसबंदीचा. मधोमध नवव्या शतकातले दोन उंच कोरीव दगडी क्रूस उभे आहेत. सतराव्या शतकात धर्माच्या झगड्यात ते फोडले गेले आणि तुकडे कुठल्या कुठे गेले. १८१६ मध्ये जॉर्ज ऑर्मेरॉड या इतिहासकारानं ते शोधून गोळा करवले आणि पुन्हा उभे केले. जवळून बघितलं तर सांधे दिसतात. जिथे मूळ तुकडा मिळाला नाही तिथे साधा दगड बसवलाय, कोरीवकामाची नक्कल केलेली नाही. फिटरच्या पोराला ते प्रामाणिक काम वाटलं. मी बराच वेळ त्या सांध्यांवरून नजर फिरवत उभा राहिलो.

दुसरा दिवस

सकाळी एकटाच एलवर्थला गेलो.

एडविन फोडन १८४१ मध्ये इथून जवळच्या स्मॉलवुड गावी जन्मला. १८५६ मध्ये एलवर्थच्या 'प्लांट अँड हँकॉक' या शेतीची अवजारं बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लागला. मधे काही काळ क्रूच्या रेल्वे कारखान्यात हात घडवून आला, परत आला आणि त्याच कारखान्यात भागीदार झाला. हँकॉक निवृत्त झाल्यावर १८८७ मध्ये पाटी बदलली, 'एडविन फोडन सन्स अँड कंपनी'. मळणीची यंत्रं ओढणारी वाफेची ट्रॅक्शन इंजिनं त्याच्या हातून आधीपासूनच बाहेर पडत होती.

लॉरी आली ती कायद्याच्या वाटेनं. १८९६ पर्यंत इंग्लंडच्या रस्त्यावर यांत्रिक वाहन काढणं म्हणजे शिक्षाच होती. त्या वर्षी बंधनं सैल झाली, पण गाडीचं रिकामं वजन ३ टनांच्या आत हवं होतं. बॉयलर, पाणी, कोळसा सगळं वाहणाऱ्या गाडीला ३ टनांत बसवणं किती कठीण असेल, हे धातूत काम केलेल्या माणसाला विचारा. पुढे ही मर्यादा ५ टनांवर गेली आणि एडविनचा हात मोकळा झाला. त्याआधी १९०१ मध्ये लष्कराच्या युद्धखात्यानं वाफेच्या लॉऱ्यांच्या चाचण्या घेतल्या. पहिला क्रमांक थॉर्नीक्रॉफ्टला दिला, फोडनला दुसरा. पण फोडनची गाडी जास्त वेगानं आणि कमी खर्चात चालली होती, आणि हे बघणाऱ्यांनी बघितलं होतं. निकालावर बरीच ओरड झाली. त्या ओरडीनं फोडनचं नाव देशभर पोचलं.

अण्णांच्या पेटीतली गाडी याच घराण्यातली. बॉयलर रेल्वे इंजिनासारखा आडवा आणि इंजिन त्याच्या डोक्यावर, म्हणून तिला 'ओव्हरटाइप' म्हणतात. दोन सिलिंडर, एक लहान, एक मोठा. वाफ आधी लहान सिलिंडरात काम करते, थोडी थकते, मग मोठ्यात जाऊन उरलेली ताकद देते. तिथून साखळीनं मागचा धुरा फिरतो. गाडीवर दोन माणसं लागत, एक चालवणारा आणि एक भट्टी सांभाळणारा. वाटेत पाणी संपलं की ओढ्यात किंवा कालव्यात नळी सोडायची आणि वाफेच्याच जोरावर टाकी भरून घ्यायची. गिरण्यांचा कापूस, पिठाची पोती, दारूची पिंपं, विटा हे सगळं या गाड्यांनी ओढलं.

मी गेलो तेव्हा कारखान्याच्या जागी घरं होती. लाल विटांची, नीटनेटकी, दारात एकेक मोटार, कुठे अंगणात घसरगुंडी. एक बाई कुत्र्याला फिरवत होती, तिनं हसून "गुड मॉर्निंग" म्हटलं. मी तिथे पाऊण तास चाललो. फौंड्री कुठे असेल, मशीन शॉप कुठे असेल, गेट कुठल्या बाजूला, भोंगा कुठे, हे मनाशी बसवत होतो. आमच्या कारखान्याच्या जागेवरही आता टॉवर आहेत. मी तिथून रिक्षानं गेलो की अजून डावीकडे मान वळते. इथे एलवर्थमध्ये कितीजणांच्या माना अशा वळत असतील, तेच मनात येत राहिलं.

एडविन १९११ मध्ये गेला. पुढची गोष्ट त्याच्या मुलांची आहे आणि मला ती सगळ्यात जवळची वाटते.

१९३० च्या सुमारास वाफेची लॉरी अडचणीत आली. सरकारनं जड गाड्यांवरचा कर रिकाम्या वजनावर बसवायचं ठरवलं. बॉयलर घेऊन फिरणाऱ्या गाडीला हा कर म्हणजे पाठीत काठी. तिकडे मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टमध्ये गार्डनर कंपनी डिझेल इंजिनं बनवू लागली होती. १९३१ मध्ये फोडननं गार्डनर इंजिनाची एक डिझेल लॉरी बनवलीसुद्धा. एडविनचा मुलगा एडविन रिचर्ड, म्हणजे ई. आर., याचं म्हणणं स्पष्ट होतं: वाफ संपली, आता सगळं बळ डिझेलवर लावा. संचालकांना ते पटेना. ज्या वाफेनं घर उभं केलं तिला एका दिवसात कसं सोडायचं? मला त्यांचंही कळतं. चाळीस वर्षं ज्या कामात हात बसलाय ते काम चुकीचं ठरतंय, हे मान्य करायला वेळ लागतो.

ई. आर. बापाच्या कारखान्यातून बाहेर पडला. मुलगा डेनिस बरोबर, शिवाय डिझाइन करणारा अर्नेस्ट शेरॅट आणि कारखाना चालवणारा जॉर्ज फॉकनर. गावातल्याच जेनिंग्ज या बॉडी बांधणाऱ्यांच्या शेडमध्ये जागा मिळाली. १९३३ मध्ये पहिली लॉरी तयार झाली, तिच्यात गार्डनरचं चार सिलिंडरचं 4एलडब्ल्यू इंजिन, ६८ अश्वशक्तीचं. कंपनीला नाव दिलं स्वतःच्याच आद्याक्षरांचं, ईआरएफ. आणि पहिल्या लॉरीला चासी नंबर दिला ६३. एक नाही, शंभर नाही, त्रेसष्ट. कारण त्या वेळी ई. आर. फोडनचं वय ६३ होतं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. मी आज एकसष्ट वर्षांचा आहे.

गंमत अशी की पुढच्या एक-दोन वर्षांत फोडननंही वाफ बंद केली आणि पूर्ण डिझेलकडे वळले. थोरला भाऊ विल्यम १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियाहून परत आला आणि त्यानं कारभार हाती घेतला. म्हणजे क्रूसांच्या या छोट्याशा गावात एकाच घराण्याच्या दोन लॉरी कंपन्या झाल्या, एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर. एका घरातला भाऊ फोडनला, दुसरा ईआरएफला, असं इथे सर्रास असणार.

दुपारी हिला घेऊन बसनं मिडलविचला गेलो. ईआरएफनं शेवटचा नवा कारखाना तिथे १९९८ मध्ये उघडला. तोवर मालकी घरातून गेली होती. ई. आर. १९५० मध्ये गेला, डेनिस १९६० मध्ये. मग धाकटा भाऊ पीटर फोडन यानं छत्तीस वर्षं कंपनी ओढली आणि १९९६ मध्ये कॅनडाच्या वेस्टर्न स्टारला विकली. २००० मध्ये ती जर्मनीच्या मॅनकडे गेली. नंतर मॅनला कळलं की विकत घेतलेल्या कंपनीचे हिशेब फुगवलेले होते. खटला लंडनच्या न्यायालयात २००५ पर्यंत चालला, ३५ कोटी पौंडांची भरपाई ठरली. ती पैशांची गोष्ट. मिडलविचचा कारखाना २००२ मध्येच बंद झाला होता, चार वर्षांत, आणि २००७ मध्ये ईआरएफ हे नावही संपलं. तिथे आता गोदामांची वसाहत आहे आणि रस्त्याच्या पाटीवर लिहिलंय 'ईआरएफ वे'. त्या पाटीशेजारी हिनं माझा फोटो काढला. मला हसायला जमलं नाही.

तिसरा दिवस

आम्ही मुद्दाम हाच शनिवार-रविवार साधला होता. एप्रिलमध्ये सँडबॅचला जुन्या गाड्यांची जत्रा भरते. सकाळी चौकात आलो तर क्रूसांच्या आसपास लॉऱ्याच लॉऱ्या. रंग नुकता दिल्यासारखा, पितळ घासून चकचकीत, दारांवर हातानं काढलेली अक्षरं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या आठ चाकी फोडन लॉऱ्या ओळीनं उभ्या होत्या, पुढे पतंगाच्या आकाराचा तो बिल्ला.

आणि मग आवाज आला. डिझेलचा नाही. फुस्स, फुस्स, फुस्स, मधे थोडी विश्रांती, पुन्हा तेच, आणि खालून साखळीचा खळखळाट. कोपऱ्यावरून ती वळली. धुराडं, आडवा बॉयलर, बाजूला फिरणारं फ्लायव्हील. चित्रात आवाज नसतो, वास नसतो. कोळशाचा धूर आणि गरम तेल यांचा तो वास नाकात गेला आणि मला अण्णांचा खाकी शर्ट आठवला. ही काही बोलली नाही, फक्त हात धरून उभी राहिली.

गाडी थांबल्यावर मी बराच वेळ तिच्याभोवती फिरलो. शेजारी घडीच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी मी काय बघतोय ते हेरलं. "इंजिनीअर आहात?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "धुरे बनवायचो." त्यांनी उठून हातच पुढे केला. ते फोडनच्या गिअरबॉक्स विभागात सव्वीस वर्षं होते.

पुढचे दोन तास त्यांच्याबरोबर गेले आणि पुस्तकांनी सांगितलं नव्हतं ते कळलं. फोडनमध्ये सगळं घरात बनायचं. इंजिन बाहेरचंही घेत, पण गिअरबॉक्स आपला, धुरे आपले, केबिन आपली. १९४८ मध्ये तर त्यांनी स्वतःचं टू-स्ट्रोक डिझेल इंजिन काढलं, सहा सिलिंडर, जेमतेम ४ लिटर, आणि ताकद १२६ अश्वशक्ती. त्या काळात गार्डनरचं त्याच्या दुपटीहून मोठं 6एलडब्ल्यू १०२ अश्वशक्ती देत होतं. "तीन मैलांवरून ओळखू यायचा आवाज," गृहस्थ म्हणाले, "किंकाळीच." १९६२ मध्ये फायबरची, पुढे झुकणारी केबिनही त्यांनीच ब्रिटनमध्ये आधी बाजारात आणली. ईआरएफची रीत वेगळी. इंजिन गार्डनर किंवा कमिन्सचं, धुरे लीड्सच्या कर्कस्टॉल फोर्जचे, आणि उत्तम जुळणी करायची. गृहस्थांना विचारलं, कोण बरोबर होतं? ते म्हणाले, "आमची गाडी चांगली होती. त्यांचे हिशेब चांगले होते." नंतर जे झालं ते लक्षात घेता ते वाक्य बोलताना त्यांचाही चेहरा जरा बदलला.

माझं मत विचाराल तर फोडन ज्यासाठी मोठी झाली त्यानंच ती खचली. सगळं स्वतः बनवायचं म्हणजे प्रत्येक भागासाठी यंत्रं, साचे, माणसं पोसायची. वर्षाला काही हजार लॉऱ्या विकणाऱ्या कंपनीला हे मंदीत झेपत नाही. सत्तरच्या दशकात त्यांनी एलवर्थला मोठा नवा कारखाना बांधायला घेतला आणि नेमकी तेलटंचाई आली. १९७४ मध्ये सरकारनं हात दिला, लष्कराच्या मागणीनं काही वर्षं निघाली, पण १९८० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. अमेरिकेच्या पॅकारनं ती घेतली. त्यानंतर इथे गाड्या बनत राहिल्या, पण गृहस्थ त्या वेळच्या कपातीत घरी गेले होते. किती माणसं त्या दिवशी गेटबाहेर आली ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्याकडे शेवटच्या दिवशी पाळी सुटल्यावर कुणी हजेरीपत्रकाजवळून हलत नव्हतं, एवढं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

निघताना ते म्हणाले, "संध्याकाळी बँड ऐका. तेवढा आमचा उरलाय."

फोडनचा बँड १९०० साली एलवर्थ गावात सुरू झाला. बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंग गावात अडकलेल्या इंग्रजांभोवतीचा वेढा उठल्याचा आनंद साजरा करायचा होता आणि गावाला स्वतःचा बँड हवा होता. मग कारखान्यानं तो आपला म्हटला. चांगला कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं पितळी वाद्य, वाजवणारा कुठे आहे असं कळलं की त्याला कारखान्यात नोकरी देऊन आणायचे. दिवसा लेथवर, संध्याकाळी तालमीला. फ्रेड मॉर्टिमर यांच्या हाताखाली तीसच्या दशकात त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद पुन्हा पुन्हा जिंकलं. १९३० च्या स्पर्धेसाठी खुद्द एडवर्ड एल्गार या नामांकित इंग्रज संगीतकारानं रचना लिहून दिली होती, आणि ती सगळ्यात चांगली वाजवली ती या लॉरी कारखान्याच्या लोकांनी. मॉर्टिमरांचे तिन्ही मुलगे, हॅरी, अॅलेक्स आणि रेक्स, त्याच बँडमध्ये.

संध्याकाळी ऐकला. सभागृह भरलेलं होतं. आपल्याकडे वरातीतल्या बँडची सवय असलेल्या कानाला पितळेची वाद्यं इतक्या हळू आवाजात वाजू शकतात हे खरं वाटत नाही. एका संथ धूनमध्ये सगळे कॉर्नेट मिळून जणू एकच माणूस गुणगुणतोय असं वाटलं. वाजवणाऱ्यांतल्या कित्येकांचा जन्म झाला तेव्हा कारखान्याची धुगधुगीच उरली असेल. छातीवर नाव मात्र 'फोडन्स'. कार्यक्रम संपल्यावर ही म्हणाली, "अहो, कारखान्यानं लॉऱ्यांपेक्षा हे जास्त टिकाऊ बनवलं." मला ते सोपं गेलं नाही ऐकायला, पण खोटं म्हणता येईना.

चौथा दिवस

मँचेस्टरला परतून, सामान लेकीकडे टाकून, दुपारच्या गाडीनं लेलँडला. हे नाव तर आपलंच. अशोक लेलँडमधलं लेलँड म्हणजे लँकेशरमधलं हे छोटं गाव, हे ऐकून हिला आश्चर्य वाटलं. अण्णांच्या तोंडी ते रोज असायचं. तो वेगळा, मोठा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. मी आलो होतो शेवटच्या फोडनसाठी.

पॅकारनं १९९८ मध्ये लेलँडचा ट्रक कारखाना घेतला आणि हळूहळू फोडनची जुळणी इकडे हलवली. एलवर्थ बंद झालं. शेवटच्या फोडनना केबिन पॅकारच्याच डॅफ या दुसऱ्या ट्रक कंपनीची, इंजिन कमिन्स किंवा कॅटरपिलरचं. २००६ च्या शरदात धुराचे नवे युरोपीय नियम लागू होणार होते आणि फोडनसाठी नव्यानं खर्च करण्यापेक्षा ती जागा डॅफला द्यायचं पॅकारनं ठरवलं. त्या जुलैमध्ये शेवटची फोडन रांगेतून बाहेर आली. एडविन उमेदवारीला लागला त्याला तेव्हा बरोबर दीडशे वर्षं झाली होती. ती गाडी विकली नाही, इथल्या व्यापारी वाहनांच्या संग्रहालयाला दिली.

संग्रहालय किंग स्ट्रीटवर, लेलँड मोटर्सच्याच एका जुन्या इमारतीत आहे. आत १९८२ मध्ये पोपसाठी बांधलेली काचेची गाडी आहे, तिच्यापाशी गर्दी होती. आम्ही पुढे गेलो.

फोडन उभी होती. तोंडावळा डॅफचा, पण पुढे ती पाच अक्षरं. ही म्हणाली, "ही तर साधीच दिसते." खरंच साधी होती, हायवेवर शेजारून जाते तशी. मी खिशातून अण्णांच्या चित्राचा फोटो काढला, लेकीनं छापून दिला होता. दोन्ही एकमेकांशेजारी धरून बघितले. धुराडं गेलं, फ्लायव्हील गेलं, साखळी गेली.

तिथल्या एका स्वयंसेवकाला मी विचारलं, खालून बघू का? तो जरा थबकला. मी म्हटलं, "माझे वडील फिटर होते. गाडीखाली गेल्याशिवाय गाडी बघितली असं म्हणायचं नाही, असं ते सांगायचे." त्यानं दोरी बाजूला केली.

हिनं माझा कोट धरला. मी गुडघे टेकले, एक हात फरशीवर ठेवला आणि मान वाकडी करून आत बघितलं. पाटे, मधला शाफ्ट, आणि मागे अंधारात धुरा.